उगवतीकडे तोंड

प्रतिज्ञेला सगळ्या मुलांचे उजवे हात खांद्याच्या रेषेत समोर येतात. पाचवीच्या रांगेतला एक हात त्या रेषेच्या थोडा वर होता. फार नाही, चार बोटं. पंजा मनगटातून किंचित मागे वळलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली, आणि त्या पंजाची सावली मुलीच्या चेहऱ्यावर अशी पडली होती की उजवा डोळा पूर्ण झाकला जात होता आणि डावा अर्धा. मध्येच तिचा तोल थोडा गेला आणि सावली गालावर घसरली. तिने मान हलवली नाही. हात हलवून सावली परत डोळ्यांवर आणली.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. मला ते काम आवडलं.

"हात खाली!" गावंडे सर ओरडले. ते आमचे खेळाचे शिक्षक. "पाचवी, मधली पोरगी! हात दाखवून एसटी थांबवून राहिली का तू?"

मुलं हसली. हात चार बोटं खाली आला. सावली हनुवटीवर गेली आणि मुलीने डोळे घट्ट मिटून घेतले. प्रतिज्ञा संपेपर्यंत तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या सावरखेड नावाच्या गावी मला विज्ञान शिक्षिकेची नोकरी लागली होती, आणि मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली होती. शाळेची इमारत मैदानाच्या पश्चिमेला होती, लांबलचक व्हरांड्याची. मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला व्यासपीठ होतं आणि त्याच्या शेजारी चौथऱ्यावर संस्थापक अण्णासाहेबांचा अर्धपुतळा. परिपाठाला मुलं व्यासपीठाकडे, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून उभी राहत. आम्ही शिक्षक व्यासपीठावर किंवा त्याच्या पायऱ्यांवर, मुलांकडे तोंड करून. सूर्य आमच्या पाठीशी असायचा. त्यामुळे परिपाठ आम्हाला फार प्रसन्न वाटायचा.

मधल्या सुट्टीत ती मुलगी पाण्याच्या टाकीपाशी डोळ्यांवर पाणी मारताना दिसली. वैजयंती ढोले तिचं नाव, सगळे वैजू म्हणायचे. तिचे डोळे लाल होते आणि पापण्या जड.

"डोळे आलेत का गं तुझे?" मी विचारलं.

ती दोन पावलं मागे सरकली. "नाही बाई. दरवर्षी उन्हाळ्यात असेच होतात. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, कोणाले लागत नाहीत."

"मग मागे का सरकलीस?"

"तुम्ही सरकान म्हणून. मी आधीच सरकत असतो." तिकडे बायकामुलीही 'मी करतो, मी सरकतो' असंच बोलतात. पदराने, म्हणजे फ्रॉकच्या घोळाने, तिने तोंड पुसलं. "बाई, कोणी विचारलं तर सांगसान ना, की आले नाहीत म्हणून? नाहीतर मले घरी पाठवतात."

तिला दोनदा घरी पाठवलंही होतं. डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलं की आपलेही येतात, असा सगळ्या गावाचा ठाम विश्वास होता. आणि या वर्षी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला सांगून ठेवलं होतं, की पोरीला उन्हाळाभर घरीच ठेवा. वार्षिक परीक्षा बुडाली तर पाचवी पुन्हा करता येईल. वर्गात गणिताला पहिला हात वैजूचा वर जायचा. तिला पाचवी पुन्हा करायची नव्हती.

तिची आई बाजारात पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई मशीन घेऊन बसायची. मी गेले तेव्हा ती एका परकराला नाडीची जागा शिवत होती. मशीन न थांबवता तिने स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"डॉक्टर म्हणे, ऊन सांभाळा, धूळ सांभाळा. ड्रॉप दिले, ते मी टाकतो. ऊन कसं सांभाळू, बाई? सावरखेडात उन्हाशिवाय हाये काय दुसरं?" तिने मशीनच्या खणातून एक गुलाबी काड्यांचा गॉगल काढला. "हा आणला बाजारातून. हा घालून पोरगी एक दिवस गेली, तर म्हणे डोळे अजूनच चुरचुरतात."

मी तो उन्हाकडे धरून पाहिला. नुसतं काळं प्लास्टिक होतं.

"हा घालू नका तिला," मी म्हटलं. "काळोख झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या काचेमागे डोळ्याला वाटतं, संध्याकाळ झाली, आणि तो उघडतो. पण उन्हातलं जे डोळ्याला बाधतं, ते ही काच अडवत नाही. म्हणजे दार उघडं टाकून चोराला आत घेतल्यासारखं झालं."

तिने मशीन थांबवली. "म्हणजे नुसतं सोंग?"

"नुसतं सोंग."

"अन् मी त्याले भाव करून करून आणला, बाप्पा!" असं म्हणून ती स्वतःच हसली आणि गॉगल परत खणात टाकला. "ठेवतो. मामाच्या लग्नात घालंन पोट्टी."

त्या रविवारी मी यवतमाळला जाऊन चष्म्याच्या दुकानातून लहान मुलांच्या मापाचा, चांगल्या भिंगांचा काळा चष्मा आणला. दुकानदाराला मी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही दुकान टाकून राहिल्या का?" सोमवारी वैजू तो घालून शाळेत आली, आणि माझ्या सगळ्या भौतिकशास्त्राच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट घडली.

सावरखेडात, आणि सावरखेडातच कशाला, आपल्याकडे कुठल्याही गावात माणूस काळा गॉगल घालून दारात आला, तर त्याचे दोनच अर्थ होतात. तो शायनिंग मारतोय, किंवा त्याचे डोळे आलेत. पाचवीतली मुलगी शायनिंग कशाला मारेल?

"डोळे आले! वैजूचे डोळे आले!"

पाचवीची रांग उधळली. मुलं डोळ्यांवर पंजे धरून सैरावैरा पळत होती, आणि डोळे झाकून पळत असल्यामुळे एकमेकांवर आदळत होती. दोघं टाकीत पडता पडता वाचले. गावंडे सर मोठ्या हिमतीने पुढे झाले, पण वैजूशी बोलताना त्यांनी सगळा वेळ कडुलिंबाच्या झाडाकडे पाहिलं.

"तो गॉगल काढ," ते झाडाला म्हणाले.

"सर, माझे डोळे आले नाहीत."

"मग गॉगल कायले?"

"येऊ नये म्हणून."

"आले नाहीत, येऊ नये म्हणून... काही समजून नाही राहिलं. तू घरी जाय."

दुपारी तिची आई चष्मा हातात घेऊन शाळेत आली. ती रागावली नव्हती. व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "बाई, गॉगल घातला तर लोक म्हणतात डोळे आले. नाही घातला तर पोरीचे डोळे जातीन. आता तुम्हीच सांगा, या पोरीले ठेवू कुठी?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते सोपं होतं. मुलांना फिरवायचं. त्याच रांगा, तेच मैदान. फक्त तोंड पश्चिमेला. व्यासपीठाऐवजी व्हरांड्याच्या पायऱ्या. वर्गात सावली होती आणि धूळ नव्हती. वैजूचे डोळे बिघडायचे ते परिपाठात. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, भुवया आणि पापण्या त्याला थोडंफार अडवतात. सकाळचं ऊन आडवं येतं आणि सरळ डोळ्यांत शिरतं.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. देवतळे सर हे फार भले गृहस्थ होते. मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही, शिक्षकांवर कधी आवाज चढवला नाही. त्यांच्यात एकच खोड होती. कुठलीही गोष्ट विचारली, की ते म्हणत, "बघू." गळकं छप्पर, बघू. नवे नकाशे, बघू. मुलं त्यांना मागे 'बघू सर' म्हणत. वास्तविक त्यांना नीट दिसतच नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मुलांना ते आवाजावरून ओळखत आणि सही करताना त्यांचं नाक कागदाला टेकत असे. त्यांची मुलगी नागपूरला असायची. ऑपरेशन करून घ्या म्हणून ती कित्येक वर्षं मागे लागली होती. तिलाही ते तेच सांगत.

"सर," मी म्हटलं, "परिपाठाला मुलांचं तोंड पश्चिमेकडे करता येईल का? समोरचं ऊन डोळ्यांत जातं."

त्यांनी जाड चष्मा काढून पुसला. "बाई, ही शाळा उगवतीकडे तोंड करून उभी राहते. अण्णासाहेबांनी घालून दिलेली पद्धत आहे. शुभकार्याला आपण पूर्वेकडेच तोंड करतो की नाही? तुमच्या लग्नात तुम्ही कुठे तोंड करून बसला होतात?"

"माझं लग्न व्हायचंय, सर."

"असं का? बरं. बघू."

गावंडे सर कोपऱ्यात बसून शिट्टीची दोरी बदलत होते. त्यांना हसू आवरेना.

"आणि पाठ कोणाकडे होईल याचा विचार केला का?" देवतळे सर म्हणाले. "अण्णासाहेबांकडे. शेकडो मुलं रोज सकाळी संस्थापकांना पाठ दाखवणार?"

"अन् रांगेत लहान पोट्टे पुढं असतात," गावंडे म्हणाले. "फिरवले तर ते मागं पडतीन, अन् नववीचे ताडमाड पुढं येतीन. अन् मॅडम, मग ऊन आपल्या डोळ्यांत येईन."

"हो," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मला कळलं नाही. "आपल्या म्हणजे आपल्याच. मास्तरायच्या."

"हो सर. आपल्याच."

गावंडे शिट्टीकडे पाहू लागले. देवतळे सर मात्र माझ्याकडे वाकून, जरा खासगी आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आहात. आपल्या शाळेचं नाव कशासाठी आहे ठाऊक आहे? एकाग्रतेसाठी. मागे एक मोठे अधिकारी आले होते. म्हणाले, देवतळे, अशी प्रार्थना पाहिली नाही. एका मुलाचा डोळा उघडा नाही! आता मला हल्ली स्पष्ट दिसत नाही, पण तेवढं अजून दिसतं. सगळे डोळे कसे मिटलेले. ते तोंड फिरवून मी मोडू?"

एखादा माणूस एखाद्या गोष्टीने इतका सुखावलेला असला, की तिचं शास्त्रीय कारण सांगणं अवघड होऊन बसतं.

"मग सर, वैजूचं?"

"बघू."

चष्म्याचंही बघूच झालं. तोवर घालायचा नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वैजू माझ्यामागे विज्ञानाच्या खोलीत आली.

"बाई, परिपाठाची पाळी तुमच्याकडे हाये ना? प्रतिज्ञा मी सांगू?"

"सांग की."

प्रतिज्ञा सांगणारं मूल व्यासपीठावर उभं राहायचं. वैजूने खणखणीत आवाजात सांगितली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "बाई, उद्या बी मीच सांगू?" चौथ्या दिवशीही. मला वाटलं, चिडवाचिडवी झाली त्याची भरपाई असेल. पोरीला जरा मिरवू दे. मग मी प्रार्थनाही तिच्याकडेच दिली. मी वर्गात असताना तिच्याकडे निरखून पाहायची. लाली उतरत होती. औषधाचा गुण आला, असं मला वाटलं. रोज तीच व्यासपीठावर, हे मुलांना अर्थातच आवडलं नाही.

"रोज हीच काहून?" सातवीतला एक मुलगा म्हणाला. "हिच्याच बापाची शाळा हाये का?"

"हिरोईन!" दुसऱ्याने सूर धरला.

वैजू त्यांना जीभ दाखवून व्यासपीठावर चढायची.

एप्रिल लागला आणि देवतळे सरांची मुलगी नागपूरहून आली. ती बोलली नाही, चर्चा केली नाही, वडिलांची पिशवी भरली आणि त्यांना गाडीत बसवून घेऊन गेली. त्यामुळे ऑपरेशनच्या बाबतीत 'बघू' म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही. शाळेचा कारभार गावंडे सरांकडे आला, आणि गावंडे सर शिस्तीचे.

"मॅडम, हे रोज एकच पोरगी व्यासपीठावर जमणार नाही. तक्रारी येऊन राहिल्या. हजेरीच्या क्रमानं घ्या."

मी क्रमाने घेतलं. वैजू रांगेत परतली. तोच चार बोटं उंच हात, गावंडे सरांचं ओरडणं, डोळ्यांतलं पाणी. आठवड्याच्या आत डोळे पुन्हा पहिल्यासारखे झाले. मग एका संध्याकाळी तिची आई माझ्या खोलीवर आली. हातात चष्म्याची डबी होती.

"हे परत घ्या, बाई. उद्याचा दिवस येईन पोरगी, तिले मैत्रिणीईले सांगायचं हाये. परिपाठ झाला की मी फाटकातून घेऊन जातो. परीक्षा राहिली तर राहिली. वर्ष भरून निघते. डोळे निघत नाहीत."

"चष्मा राहू द्या तिच्याजवळ."

"घरात कोणतं ऊन?" ती म्हणाली. पण डबी तिने परत कमरेला खोचली.

सकाळी मी गावंडे सरांना विचारलं, "आज वैजूला सांगू द्या प्रतिज्ञा. शेवटचा दिवस आहे तिचा."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "शेवटचा म्हणता... बरं. आजच्या दिवस."

प्रार्थनेची घंटा व्हायला आली आणि फाटकाशी गाडी थांबली. देवतळे सर उतरले. त्यांच्या डोळ्यांवर बाजूंनीसुद्धा झाकलेला, भलामोठा काळा गॉगल होता.

सगळ्या माना तिकडे वळल्या. मग पहिलीतलं एक पोर किंचाळलं, "सरायचे डोळे आले!"

पहिलीपासून नववीपर्यंत सगळ्या पंज्यांनी सगळे डोळे झाकले. गावंडे सर कडुलिंबाकडे पाहू लागले.

"अरे, कोणाचे डोळे आले?" देवतळे सर रांगांमधून चालत म्हणाले. "माझे गेले होते, ते परत आले! हात काढा. काढा हात. अरे, तू कोण? तू मेश्रामचा ना? केवढे कान आहेत रे तुला! मला कधी दिसलेच नव्हते."

मुलं बोटांच्या फटीतून पाहत हसायला लागली. सर व्यासपीठावर चढले. तिथे वैजू उभी होती, आणि मी एक पायरी खाली. फाटकाशी तिची आई येऊन थांबली होती.

प्रार्थना झाली. सर ताठ उभे राहून मैदानावरून नजर फिरवत होते. इतक्या वर्षांनी त्यांना आपली शाळा लख्ख दिसत होती. सगळे डोळे मिटलेले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग वैजूने प्रतिज्ञा सांगितली, आणि सातवीतला मुलगा बातम्या वाचू लागला. कुठे टँकर सुरू झाला होता, कुठे क्रिकेटचा सामना होता.

सर वैजूकडे झुकले. "काय गं," ते हळू आवाजात म्हणाले, "प्रार्थना संपली ना?"

"हो सर."

"मग यांनी डोळे का मिटलेत अजून? क्रिकेटच्या बातमीला कोण डोळे मिटतं?"

"मिटले नाहीत, सर," वैजू म्हणाली. "उघडतच नाहीत."

"काहून?" शाळेत शुद्ध बोलणारे देवतळे सर म्हणाले.

"समोर ऊन हाये ना."

"सगळ्यांचेच?"

"सगळ्यायचे. खाली उभं राह्यलं की माझे बी. माझे जास्त दुखतात, एवढंच." ती थोडी थांबली. "म्हणून तर मी रोज प्रतिज्ञा मागत होतो, सर. इथी पाठीवर ऊन असते. इथून डोळे उघडतात. सगळे दिसतात."

मी खालच्या पायरीवर उभी होते. सगळ्या मैदानाकडे पाठ करून सूर्याकडे वळावं आणि कोणाला तोंड दाखवू नये, असं मला वाटलं. पोरीने माझ्या डोक्यातला सगळा धडा कधीच करून पाहिला होता, आणि मी त्याला मिरवणं समजले होते.

सर व्यासपीठावरून उतरले. बातम्या वाचणारा मुलगा थांबला. "वाच, वाच," असं म्हणत ते पाचवीच्या रांगेत शिरले आणि वैजूच्या रिकाम्या जागेवर जाऊन उभे राहिले. मग गुडघ्यांवर हात ठेवून तिच्या उंचीइतके वाकले आणि गॉगलची कड किंचित वर केली.

मी धावले. "सर, डॉक्टरांनी—"

"क्षणभर, बाई." त्यांनी गॉगल लगेच परत बसवला. गालावरून पाण्याची रेघ उतरली. "बाई, अण्णासाहेब कुठे आहेत?"

"समोर, सर. चौथऱ्यावर."

"मला तर नुसता काळा ठोकळा दिसला."

शेजारची पाचवीतली मुलगी डोळे बारीक करून म्हणाली, "सर, त्यायले मिशा हायेत म्हणे. खरं हाये का?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुढच्या मुलाकडे, त्याच्या पुढच्याकडे. सगळ्यांच्या नाकाच्या मुळाशी त्याच दोन आठ्या, वर ओढलेले तेच ओठ. कंबर सरळ करून ते रांगांमधून मागे चालू लागले. व्यासपीठाकडे नव्हे, व्हरांड्याकडे.

"सर, व्यासपीठ इकडं हाये!" गावंडे शिट्टी सावरत त्यांच्यामागे गेले. सरांना अजून नीट दिसत नसावं, असं त्यांना वाटलं असणार.

बातम्या संपल्या. फाटकातून वैजूची आई पुढे आली. "वैजू, चाल. झाला परिपाठ."

वैजू पायरी उतरू लागली.

"झाला नाही," सर लांबून म्हणाले. "वैजयंती, तुझ्या जागेवर जाऊन उभी राहा. रांगेत."

"सर, आता कायले?" आईचा आवाज प्रथमच चढला. "पोरीचे डोळे पाहा तरी."

"पाहिले, ताई. एक मिनिट थांबा. आणि तो चष्मा असेल तुमच्याजवळ, तर द्या तिला. माझ्याकडे पाहा, मी घातलाय, मला कोणी घरी पाठवतंय का?"

आईने कमरेची डबी काढली. वैजूने चष्मा घातला आणि रांगेतून चालत गेली. या वेळी कोणी पळालं नाही. मेश्रामचा मोठ्या कानांचा मुलगा तेवढा म्हणाला, "सरायसारखा हाये," आणि त्याच्या आवाजात हेवा होता. वैजू आपल्या जागेवर उभी राहिली, आणि सवयीने तिचा पंजा कपाळासमोर गेला.

सर व्हरांड्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर चढून वळले. सगळं ऊन त्यांच्या अंगावर आलं. गॉगलच्या दोन्ही भिंगांत एकेक लहानसा सूर्य दिसत होता. समोर मैदानभर मुलांच्या पाठी होत्या; काही मुलं माना वळवून पाहत होती.

"सर, लहान पोट्टे मागं पडतीन," गावंडे दबक्या आवाजात म्हणाले. "अन् अण्णासाहेबांचं काय? उद्या सगळ्यायची बैठक घेऊन बघू का?"

"बघितलं, गावंडे," सर म्हणाले.

गावंडे सरांनी शिट्टी तोंडाकडे नेली. सरांनी हातानेच ती थांबवली. कवायतीचा हुकूम त्यांनी जन्मात कधी दिला नव्हता. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला, आणि त्या भल्या माणसाचा कधी कोणी न ऐकलेला मोठा आवाज मैदानावरून अण्णासाहेबांपर्यंत गेला:

"शाळाऽऽ, पीछेऽऽ मुड!"